बारा नंबरचा पाना

सांगली,
२१ नोव्हेंबर १९७८

प्रिय नाथा,

दर वेळी पत्राच्या माथ्यावर ‘चिरंजीव नाथाजीस अनेक आशीर्वाद’ असतं. आजही तसंच लिहिलं होतं, मग तो कागद फाडला आणि हा दुसरा घेतला. आशीर्वाद द्यायला हात वर करावा लागतो, आणि माझा हात वर गेला की पुढं काय होतं हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणून नुसतं ‘प्रिय’. अक्षर बघून बिचकू नकोस. आजवर मी सांगायचो आणि हौसा लिहायची. आज तुझ्या बायकोचं सुबक अक्षर नाही, माझंच आहे. गिरणीच्या रात्रशाळेत चार यत्ता झाल्या होत्या, तेवढ्या शिदोरीवर हे चाललंय.

दिवाळीआधी टाकलेलं तुझं पत्र पोचलं. आखातातले तुझे टोयोटाचे शोरूमवाले पुढल्या तीन वर्षांचा करार करायला सांगतायत. एकटा राहिलास तर बढती, बायकोपोरीला नेलंस तर आहे तीच जागा, पण राहायला दोन खोल्या. डिसेंबरअखेरच्या आत सही पाहिजे. आणि तू लिहिलंस, ‘हौसा आणि शालन तुमच्यापाशी आहेत म्हणून मला घोर नाही. आण्णा, तुम्ही म्हणाल तसं करतो.’ हे शेवटचं वाक्य मी चार दिवस पुन्हा पुन्हा वाचतोय. उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी बाकीचं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय तू माझं ऐकणार नाहीस.

गॅरेजात सध्या उसंत नाही. ऊस सुरू झालाय, कडेगावकडचे ट्रक दारात रांग लावून असतात. गेल्या महिन्यात मी खड्ड्याच्या कडेला ट्रकखाली आडवा असताना त्या गुंडा ड्रायव्हरनं न बघता स्टार्टर मारला. गाडी गिअरमध्ये होती. गचका बसून चाक माझ्या बरगडीपासून वीतभर अलीकडं थांबलं. मी बाहेर आलो तो जॅकचा दांडा हातात घेऊनच. पहिला दणका त्याच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला आला. तो खाली पडला. इथं एखादा माणूस थांबला असता. मी त्याच्या तोंडावर दुसरा घातला. तीन दात रस्त्यावर पडले आणि पाच जणांनी मिळून मला मागं ओढलं. पोलिसांना गुंडानं सांगितलं की ट्रकच्या फाळक्यावरून पाय घसरून पडलो. लोक म्हणाले, ज्ञानू मिस्त्रीचा दरारा आहे. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याचं बरंच वाटलं होतं. हे सगळं मी मागच्या पत्रात तुला सांगितलं होतं. हौसा मान खाली घालून लिहीत होती. गेल्या आठवड्यात तिनंच सांगितलं की त्या जागी तिनं शालनच्या बालवाडीचा मजकूर लिहिला होता.

तुझी पत्रं मात्र ती जशीच्या तशी वाचून दाखवते. त्यातलं टोयोटाचं जे जे तू लिहिलंस ते मला पाठ झालंय. तुमच्याकडं शिकवायला आलेल्या त्या जपानी साहेबानं सांगितलं म्हणतोस, की या मोटारवाल्यांचा मूळ धंदा मागाचा. सुताराचा पोरगा, घरच्या बायका हातमागावर राबताना बघून त्यानं माग सुधारायला घेतला, आणि पुढं असा माग केला की ताण्याचा एक धागा तुटला की सगळा माग आपोआप थांबायचा. विलायतेच्या मागवाल्यांनी त्याचा हक्क विकत घेतला आणि ती पुंजी बापानं पोराच्या मोटारीच्या नादाला लावली. लढाईनंतर कंपनी बुडायला आली, माणसं कमी करावी लागली, तेव्हा त्या पोरानंही स्वतःची खुर्ची सोडली. आज तुझ्या वाळवंटात उंटाच्या जागी त्यांच्याच गाड्या पळतायत. हौसा वाचत होती आणि मला मोटारीपेक्षा तो मागच दिसत होता.

कारण मी माग चालवलाय, नाथा. तुझ्या जन्माआधी माधवनगरला एका गिरणीत होतो. आमचे माग थांबत नसत. धागा तुटला तर माणसानं बघायचं, हातानं थांबवायचं, गाठ मारायची. नजर चुकली की कापडात फट पडायची. एकदा माझी वीतभर फट पडली, तेव्हा जॉबरनं, म्हणजे आमच्या मुकादमानं, मागाचा पितळी टोकाचा धोटा माझ्या डोक्यात घातला. केसांत हात घातलास की लागते ती खोक त्याचीच. मी पडलो तरी माग चालूच होता, रक्ताचे थेंब कापडावर विणले जात होते. उठून मी त्या जॉबरचा गळा धरला आणि गिरणीतलं काम सुटलं. त्या दिवसापासून मी ठरवलं होतं की मार खाणाऱ्यांत परत उभं राहायचं नाही. मारायचंच नाही, असंही ठरवता आलं असतं. ते तेव्हा सुचलं नाही.

आता तात्यासाहेबांची गाडी. आठ वर्षांत आपल्या घरात तिचं नाव कुणी काढलं नाही, मी तर नाहीच. ते हळदीचे व्यापारी, हौस फार. दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीची चौसष्ट सालची टोयोटा क्राऊन त्यांनी सरकारी लिलावात घेतली आणि सांगलीत आणली. सायीच्या रंगाची, दार लावलं की लोखंडाचा खणखणाट न होता नुसतं धप व्हायचं. थंडीत पहिल्या किल्लीला सुरू व्हायची. अँबॅसडर ढकलून ढकलून आपले खांदे गेलेले, तिला बघून तू दोन दिवस जेवला नाहीस. तू एकोणीस वर्षांचा होतास. डिकीच्या कोपऱ्यात तुला कापडी पिशवी सापडली, आत गाडीबरोबरचे पाने, प्रत्येकाला वेगळा कप्पा. तू मला एकेक काढून दाखवलेस, दहा, बारा, चौदा. मी म्हणालो, खेळण्यातले आहेत, ठेव परत.

त्या उन्हाळ्यात रबरी नळी फुटून पाणी गेलं, तरी ड्रायव्हरनं गाडी तशीच आणली. नळी बदलायची, वॉटर पंपही खोलून बघायचा होता. आपल्याकडं सगळे इंची पाने. माझा अर्ध्या इंचाचा पाना त्या बोल्टवर सैल बसत होता. तू शेजारी उभा राहून हळूच म्हणालास, “आण्णा, ह्यो बसत न्हाई. मिलिमीटरचा लागतोय. डिकीत बारा नंबर हाय.” चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत पोरगं मला पाना शिकवतंय याचा मला असा राग आला की तुला रॉकेल आणायला पिटाळलं. तू गेलास. मी पान्यावर पाइप चढवून जोर लावला. बोल्टाची कड गेली. मग छन्नी लावून हातोडा मारला आणि बोल्ट तुटला, निम्मा आत राहिला. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. तो बोल्ट मी मोडला, नाथा.

तेवढ्यात तात्यासाहेब आले. बघून म्हणाले, “मिस्त्री, काय झालं हो?” आणि माझ्या तोंडून गेलं, “पोरानं मोडला.” तू रॉकेलचा डबा घेऊन दारात उभा होतास. तू ऐकलंस. तू एक शब्द बोलला असतास तर मी खोटा पडलो असतो, म्हणून तू बोलायच्या आत मी फॅनबेल्ट उचलला. पाठीवर, मानेवर, तू हातांनी तोंड झाकलंस तर हातांवर. तू रडत नव्हतास, आणि न रडणाऱ्याला मारताना हात आणखी चेकाळतो. मग बेल्ट टाकून मी उजव्या हाताचा तडाखा दिला, त्या मुठीत तो अर्ध्या इंचाचा पाना होता हे मला ठाऊक होतं. ‘ध्यानात नव्हतं’ असं मी दवाखान्यात सांगितलं, तुझ्या आईला सांगितलं. ध्यानात होतं. तुझ्या डाव्या कानातून रक्त आलं आणि तू रॉकेलच्या थारोळ्यात बसलास. तात्यासाहेबांच्या धोतराला शिंतोडे उडाले. जैन माणूस, मुंगी दिसली तरी पाय चुकवणारा. म्हणाले, “मिस्त्री, गाडी जाऊ द्या मातीत. लेकराला सोडा.”

डॉक्टरांनी सांगितलं कान गेला. तिसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी असताना तू गॅरेजात आलास, माझ्याकडं न बघता तुटक्या बोल्टाच्या मधोमध ड्रिल धरलंस आणि दोन दिवस खपून तो तुकडा बाहेर काढलास. दुसरा बोल्ट बारा नंबरच्या पान्यानं आवळलास, दोन बोटांनी, अलगद. तात्यासाहेबांनी ती पिशवी तुला दिली आणि पुढं मुंबईच्या पाव्हण्याकरवी आखातातलं कामही तुला त्यांनीच लावून दिलं. जाताना पिशवी तू माझ्या फळीवर ठेवून गेलास. ‘आण्णा, तुमाला लागंल’ एवढंच म्हणालास. मी तिचा अर्थ लावायला घाबरलो आणि वापरायला लागलो.

तुझी आई मात्र त्या दिवसानंतर माझ्याशी बोलली नाही. तू घरात होतास, तुला माहीत आहे, पण बाहेर कुणाला पत्ता नव्हता. जेवायला वाढायची, आंघोळीचं पाणी काढायची, आणि सांगायचं असेल ते चुलीला सांगायची. ‘त्येंचा डबा भरलाय म्हणावं.’ मी तिच्यावरही हात टाकलेला होता, कपाळावरची खूण तू बघितली आहेस, तेव्हा ती बोलत होती. तुझा कान गेल्यावर थांबली. अडीच वर्षं. शेवटच्या आजारात, हौसाला दिवस गेले होते तेव्हा, अंबूनं मला जवळ बोलावलं आणि एकच वाक्य बोलली. “नाथाच्या पोरांस्नी हात लावायचा न्हाई.” मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिला दिलेला हा एकच शब्द माझ्याजवळ होता आणि पाच वर्षं मी तो पाळला.

आता तुझ्या त्या दोरीचं सांगतो. श्रावणातल्या पत्रात तू लिहिलं होतंस, की टोयोटाच्या कारखान्यात कामगारांच्या डोक्यावरून दोरी जाते. कुणालाही काही चुकतंय असं दिसलं की त्यानं ओढायची, मग अख्खी रांग थांबते, आणि ओढणाऱ्याला कुणी मारत नाही, उलट मुकादम येऊन काय झालं ते विचारतो. मी हसलो होतो. आमच्या गिरणीत असं कुणी केलं असतं तर त्याच दोरीनं त्याला बडवला असता. पण शालनला ते फार आवडलं. “आजा, आपल्याला बी दोरी पायजे,” म्हणून ती हटून बसली. मी खड्ड्यापासून दारापर्यंत सुतळी बांधली, टोकाला बैलाच्या गळ्यातली घंटी. तिचा हात पोचेल इतकी खाली. तिनं ओढली की मी हातातलं टाकायचं, ट्रकवाला का खोळंबेना, आणि तिच्याबरोबर कपभर चहा प्यायचा, असा आमचा करार होता. दिवसाला चार-चार चहा व्हायला लागले. हौसा म्हणायची, “मामा, दुकान बंद करून चहाचीच गाडी टाका.” नाथा, ते तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात बरे होते. म्हणून तर हे पत्र लिहायला जड जातंय.

गेल्या गुरुवारी सकाळी एका जीपचं काम होतं. मालक घाईत होता, डोक्याशी उभा राहून बडबडत होता. मला बारा नंबरचा पाना हवा होता आणि पिशवीतला तो कप्पा रिकामा होता. शालन त्या पान्यांशी खेळते, फडक्यात गुंडाळून त्यांना झोपवते. मी विचारलं. ती म्हणाली, “म्या न्हाई घेतला.” मी परत विचारलं. ती तेच म्हणाली आणि तिनं माझ्या डोळ्याला डोळा दिला, अगदी तुझ्यासारखा. जीपवाला हसला. बास, तेवढंच झालं होतं. फॅनबेल्ट कधी हातात आला ते मला आठवत नाही असं लिहिणार होतो, पण आजच्या कागदावर खोटं नको. आठवतं. खिळ्यावरून काढला आणि मुठीला एक वेढा दिला, म्हणजे निसटणार नाही.

हौसा भाकऱ्या टाकून धावत आली आणि मधे उभी राहिली. फटका तिच्या उजव्या हातावर बसला, कोपरापासून मनगटापर्यंत, पिठाच्या हातावर. ओरडली नाही. “मामा, मला मारा, पर तिला न्हाई,” एवढं म्हणाली. आणि माझा हात परत वर गेला. सुनेवर, परक्याच्या लेकीवर, जिनं पाच-सहा वर्षं मला ताटात ऊन भाकरी वाढली. हात वर होता आणि घंटी वाजली. शालन आईच्या पाठीमागून निसटून दोरीला लोंबकळली होती. दोन्ही हातांनी ओढत होती, डोळे मिटून, थांबतच नव्हती. करार होता ना, घंटी वाजली की आजानं हातातलं टाकायचं. मी टाकलं. जीपवाला कधी पळाला कळलं नाही. पाना बॉनेटच्या कडेवर होता, मीच सकाळी काढून ठेवलेला.

तू म्हणशील, थांबलात ना आण्णा, झालं तर. मी थांबलो नाही, नाथा, मला थांबवलं. अंबूच्या हाताशी अशी दोरी नव्हती, तुझ्याही नव्हती. आणि पाच वर्षांच्या पोरीनं आपल्या आईचा जीव वाचवायला रोज घंटीजवळ उभं राहायचं, असं घर मी तुझ्या नावावर चालवणार नाही. त्याच दुपारच्या गाडीनं मी दोघींना वडूजला हौसाच्या माहेरी नेऊन सोडलं. तिच्या हाताला हळद मी लावली, तिनं लावू दिली. तिथं उंबऱ्याच्या आत गेलो नाही. पान्यांची पिशवी शालनच्या गाठोड्यात घातली, बारा नंबर त्याच्या कप्प्यात आहे. पोरगी निघताना मला चहा घेणार का म्हणून विचारत होती.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दोन खोल्यांच्या कागदावर सही कर आणि दोघींना ने. जोवर जमत नाही तोवर त्या वडूजलाच राहतील. हौसा तुला लिहील की जत्रेसाठी माहेरी आलेय, तिला माझी लाज राखायची आहे, तिला खोटं पाडू नकोस. माझ्यावर रागावायचं असेल तर आता रागाव, आठ वर्षं उशीर झालाय. आणि एक गोष्ट नीट ऐक, तुझ्या चांगल्या कानानं. मी मला ओळखतो. दोन-तीन महिन्यांत हे रिकामं घर मला सोसणार नाही आणि मी तुला पुन्हा पत्र घालीन. ते ‘चिरंजीव नाथाजीस अनेक आशीर्वाद’ असं सुरू होईल. त्यात लिहिलेलं असेल की म्हातारा थकलाय, आता पहिल्यासारखा राहिला नाही, नातीला बघावंसं वाटतं, महिनाभर तरी दोघींना पाठव. ते पत्र तुला खरं वाटेल, कारण लिहिताना मलाही ते खरंच वाटत असेल. त्यावर विश्वास ठेवू नकोस. हे पत्र जपून ठेव, आणि ते आलं की आधी हे काढून वाच.

तुझाच,
आण्णा